पाऱ्याचा संथपणा आणि संवेदकाची घाई

२९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले आणि देशभर खळबळ उडाली. त्याच दिवशी सफदरजंगच्या जुन्या वेधशाळेतील कमाल तापमान होते ४६.८ अंश. मुंगेशपूरचा संवेदक सुमारे ३ अंश अधिक दाखवत होता, असे भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या तपासणीत पुढे निष्पन्न झाले. पाठोपाठ नागपुरातील एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंशांचा आकडा उमटला. तोही संवेदकाचा दोषच ठरला.

हे बिघाड होते आणि ते उघडकीस आले. परंतु संवेदक पूर्णपणे निर्दोष असला, तरीही एक जुना प्रश्न उरतोच: हवा बदलल्यानंतर उपकरणाने किती वेळात उत्तर द्यावे?

या विलंबाचे माप म्हणजे कालस्थिरांक. तापमानातील एकूण बदलापैकी सुमारे ६३ टक्के बदल दाखवण्यास उपकरणाला लागणारा हा वेळ. ३० अंशांवर स्थिरावलेला तापमापक ४० अंशांच्या हवेत नेला, तर एका कालस्थिरांकानंतर तो ३६.३ अंश दाखवतो आणि तीन कालस्थिरांकांनंतर ३९.५. संवेदक जितका जाड आणि वारा जितका मंद, तितका हा काळ वाढत जातो.

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. त्या काळातील विश्वासाचे साधन होते काचेतील पाऱ्याचा तापमापक. तो ज्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवण्याची पद्धत पुढे रूढ झाली, तिची रचना थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६०च्या दशकात मांडली होती. सेकंदाला ५ मीटर वेगाचा वारा असताना अशा तापमापकाचा कालस्थिरांक ३० ते ६० सेकंद असतो. वारा पडला की पेटीचा स्वतःचा संथपणा त्यात भर घालतो. तापलेल्या जमिनीवरून दोन-तीन सेकंद आलेल्या उष्ण झोताची पारा फारशी दखलच घेत नसे. म्हणजे जुन्या नोंदवह्यांतील कमाल तापमान हे क्षणाचे नसून, उपकरणाने नकळत काढलेली ती एक प्रकारची सरासरी आहे.

प्लॅटिनमच्या तारेचा विद्युत्-रोध तापमानानुसार बदलतो. या गुणावर आधारलेला अचूक तापमापक ह्यू कॅलेंडर यांनी १८८७ मध्ये जगासमोर ठेवला. आजच्या स्वयंचलित केंद्रांतील अनेक संवेदक त्याच घराण्यातले आहेत. बारीक संवेदक झुळुकीगणिक हलतो. दिवसाच्या सरासरीवर याचा परिणाम नगण्य. कमाल तापमानाचे मात्र तसे नाही. कमाल म्हणजे दिवसभरातील सर्वोच्च शिखर. त्यामुळे चपळ संवेदक कमाल तापमान वर ढकलतो आणि किमान खाली ओढतो. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. एवढी लहान वाढ अभ्यासताना उपकरण बदलल्याने पडणारा दशांश अंशाचा फरकही क्षुल्लक राहत नाही.

यावर जागतिक हवामान संघटनेने सुचवलेला मार्ग साधा आहे: कालस्थिरांक सुमारे २० सेकंद असावा आणि नोंद एका मिनिटाच्या सरासरीची असावी. पाऱ्याच्या अंगी जो संथपणा उपजत होता, तो आता गणिताने आणायचा. जुने आणि नवे उपकरण काही काळ शेजारी-शेजारी चालवणे, हा दुसरा दंडक. १९२८ मध्ये विभागाचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले व पुढे दिल्लीस गेले; परंतु उपकरणांची निर्मिती आणि तपासणी यांचे काम पुण्यात टिकून राहिले. अशा कामाची बातमी होत नाही. नोंदींचे सातत्य मात्र त्यावरच उभे असते.

आर्द्रतेचा प्रश्न याहून अवघड. १७८३ मध्ये द सोस्यूर यांनी मानवी केसाच्या लांबीतील बदलावरून आर्द्रता मोजण्याचे उपकरण वर्णिले. १९७३ मध्ये फिनलंडच्या व्हायसाला कंपनीने बहुवारिकाच्या पातळ पापुद्र्याचा विद्युत संवेदक आणला. बाष्पाचे रेणू त्या पापुद्र्यात शिरतात आणि बाहेर पडतात. थंडीत ही ये-जा मंदावते. सेकंदाला ५ मीटर वेगाने चढणाऱ्या फुग्यावरील संवेदकाचा कालस्थिरांक ६० सेकंद झाला, तर त्याचे उत्तर ३०० मीटर खालच्या हवेचे असते. मोसमी ढगांचे उंच, अतिशीत माथे अभ्यासताना ही चूक ढगाची सीमाच सरकवते.

जमिनीवर अडचण निराळी. धुळीपासून रक्षण करणारी जाळी आर्द्रता-संवेदकाला संथ करते. वादळापूर्वीचा गार वारा येताच तापमानाचा आकडा झपाट्याने उतरतो, आर्द्रतेचा मागे रेंगाळतो. दोन निरनिराळ्या क्षणांचे हे आकडे एकत्र करून काढलेला दवबिंदू त्या हवेत कधी नव्हताच.

उन्हात राबणाऱ्या माणसाला धोका असतो तो उष्णता आणि दमटपणा या दोहोंच्या जोडीचा. त्याचे इशारेही याच दोन आकड्यांवर ठरतात. म्हणून उच्चांकाची पुढची बातमी वाचताना आकड्याबरोबर हेही विचारावे: तो किती सेकंदांचा आहे, आणि ज्या जुन्या उच्चांकाशी त्याची तुलना होते आहे, तो किती सेकंदांचा होता?