हालचालभय, हृदयविफलतेतील

हालचालभय : हालचाल केल्यास जिवाला धोका होईल या धास्तीने श्रम टाळण्याची प्रवृत्ती. वैद्यकात तिला कायनेसिओफोबिया म्हणतात. ही संज्ञा 1990 मध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसंदर्भात मांडली गेली. दीर्घकालीन हृदयविफलतेत, म्हणजे हार्ट फेल्युअरमध्ये, या भीतीचे मूळ बहुधा दम लागण्यात असते.

कारणे : ‘पंपिंग कमी झाले आहे’ हे ऐकून घरी आलेला रुग्ण जिन्याच्या आठव्या पायरीवर कठडा धरून थांबतो. धाप, धडधड, घाम ही श्रमाची नेहमीची लक्षणेही त्याला संकटाची चाहूल वाटतात. पूर्वी धाप लागून रुग्णालयात राहावे लागले असेल किंवा छातीत बसवलेल्या डिफिब्रिलेटरचा झटका बसला असेल, तर धास्ती पक्की होते. ‘तुम्ही उठू नका’ म्हणत घरची माणसे पाण्याचा पेलाही हातात आणून देतात. विसाव्या शतकात बराच काळ डॉक्टरही अशा रुग्णांना विश्रांतीच सांगत. त्या सल्ल्याचा ठसा अजून पुसलेला नाही.

परिणाम : बसून राहिल्याने मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रोडावतात आणि त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता घटते. मग तेवढ्याच कामाला अधिक दम लागतो. हा दम दुबळ्या स्नायूंचाही असतो. रुग्ण मात्र हृदय आणखी बिघडले असे समजतो आणि आणखी बसून राहतो.

मोजमाप : ही भीती मोजणाऱ्या टॅम्पा मापनश्रेणीत 17 विधाने असून गुण 17 ते 68 असतात, 37 पेक्षा जास्त गुण तीव्र भीतीचे मानले जातात. स्वीडनमध्ये हृदयरुग्णांसाठी तिची वेगळी आवृत्ती तयार झाली. प्रत्यक्ष क्षमता सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीने कळते.

उपाय : 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एचएफ-ॲक्शन’ या व्यायामविषयक चाचणीत हृदयविफलतेचे 2,331 रुग्ण होते. मृत्यू व रुग्णालयवास यांतील घट माफकच दिसली. पण प्रकृती स्थिर असलेल्यांना देखरेखीखालील व्यायाम सुरक्षित असल्याचे आणि त्यांचे जीवनमान थोडे सुधारल्याचे आढळले. डॉक्टर व फिजिओथेरपिस्ट यांच्यासमोर घेतलेली पहिली काही पावले म्हणूनच मोलाची असतात : दम लागला, थांबलो, तो ओसरला, हा अनुभव रुग्णाला स्वतः यावा लागतो. चालताना बोलता यावे, इतपतच वेग ठेवतात. छातीत दुखणे, भोवळ, बसल्या जागी धाप, पायांवरची वाढती सूज किंवा तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वजनवाढ दिसल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवावे.

रुग्णाची धाप खरी असते आणि भीतीही अकारण नसते. नुसते ‘घाबरू नका’ म्हणून ती जात नाही. डॉक्टरांनी चालण्यास संमती दिल्यावर घरच्यांनी पेला हातात देण्याऐवजी माठापर्यंत सोबत चालावे. तेवढी पावलेही उपचारच आहेत.