सक्तीचं ऐच्छिक

न्यूयॉर्क राज्यातल्या एखाद्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगच्या दोन वर्षांच्या पदवीला नाव घातलं की हाती विषयांचा तक्ता येतो. अकाउंटिंग एक, अकाउंटिंग दोन, व्यवसाय कायदा वगैरे रांगेत कुठेतरी एक ओळ असते: ‘लिबरल आर्ट्स इलेक्टिव्ह, ३ क्रेडिट’. लिबरल म्हणजे मोकळं, इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या निवडीचं. दोन्ही शब्द स्वातंत्र्याचा झेंडा खांद्यावर घेऊन उभे आणि ती ओळ भरल्याशिवाय पदवी नाही! अर्थात आपल्याला हसायची सोय नाही. ‘दोन ऐच्छिक विषय घेणे अनिवार्य’ असं फळ्यावर लिहिलेलं दिसलं तर आपणही निमूटपणे वहीत उतरवून घेतो.

या सक्तीचं मोजमाप राज्याच्या नियमातच आहे. असोसिएट इन आर्ट्स या पदवीत तीन चतुर्थांश अभ्यास लिबरल आर्ट्स आणि विज्ञानाचा हवा, असोसिएट इन सायन्समध्ये निम्मा, आणि थेट नोकरीकडे नेणाऱ्या असोसिएट इन अप्लाइड सायन्समध्ये एक तृतीयांश. आता मोकळं काय आणि बांधलेलं काय, हे कोण ठरवणार? अर्थशास्त्र मोकळं, अकाउंटिंग नाही. मानसशास्त्र मोकळं, नर्सिंग नाही. दोन्हीकडे आकडे असतात, दोन्हीकडे माणसं असतात, तरी मध्ये भिंत आहे. ही भिंत अमेरिकेने बांधलेली नाही. ती दोन हजार वर्षं जुनी आहे.

लॅटिनमध्ये ‘लिबेर’ म्हणजे स्वतंत्र, गुलाम नसलेला. अशा माणसाला शोभणाऱ्या विद्या त्या ‘आर्तेस लिबेरालेस’. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने आपल्या अठ्ठ्याऐंशिव्या पत्रात या नावाची फोड केली आहे आणि पैसा मिळवून देणाऱ्या विद्येला आपल्या लेखी मान नाही, हेही तिथेच स्पष्ट सांगून टाकलं आहे. चित्रकार, मूर्तिकार, पहिलवान या सगळ्यांना त्याने यादीबाहेर काढलं. (सेनेका स्वतः गडगंज श्रीमंत होता, हे जाता जाता.) पुढे पाचव्या शतकात मार्तियानुस कापेल्ला याने एका लग्नाचं रूपक रचलं. वर मर्क्युरी, वधू विद्या, आणि नवरदेवाकडून वधूला भेट म्हणून सात करवल्या: व्याकरण, तर्क, वक्तृत्व, भूमिती, अंकगणित, खगोलशास्त्र आणि संगीत. मंडपात वैद्यक आणि वास्तुविद्याही आल्या होत्या. पण त्यांचा संबंध मर्त्य आणि पार्थिव गोष्टींशी, म्हणून त्यांना बोलूच दिलं नाही. नर्सिंगचा पेपर आज ‘लिबरल’ खात्यात मोजला जात नाही तेव्हा मला त्या मंडपात तोंड मिटून उभी असलेली वैद्यकविद्या आठवते.

त्या सातांमधल्या पहिल्या तिघींना मध्ययुगात ‘त्रिवियुम’ म्हणू लागले. मूळ अर्थ तिठा, तीन रस्ते मिळतात ती जागा. तिठ्यावर कोणीही भेटतं, काहीही बोललं जातं, म्हणून इंग्रजीत ‘ट्रिव्हियल’ म्हणजे क्षुल्लक.

आता मराठीची गंमत. ‘आर्ट्स’चं आपण ‘कला’ केलं आणि घोटाळा झाला. ज्या मुलाने ‘लिबरल आर्ट्स’मध्ये संख्याशास्त्र घेतलं त्याची पुण्यातली आजी फोनवर विचारते, “म्हणजे चित्रं काढतोस का रे?” आजीचा दोष नाही. कला, वाणिज्य, विज्ञान अशा तीन कप्प्यांत आपण मुलांना इतकी वर्षं घातलं की गणित हे ‘कले’त बसू शकतं हेच विसरलो. टिळक गणित घेऊन बी.ए. झाले. केंब्रिजला गणिताची ट्रायपॉस देऊन रँग्लर झालेल्या परांजप्यांची पदवीही बी.ए.च होती. संस्कृतातल्या ‘कले’ने मात्र कधी असे कप्पे केले नव्हते. वात्स्यायनाच्या चौसष्टांत गाणं आहे, सुतारकाम आहे, कोडी घालणं आहे, कोंबडे-मेंढे झुंजवणंही आहे. शिवाय कला म्हणजे चंद्राचा सोळावा भाग. साठ-पासष्ट क्रेडिटच्या पदवीतल्या तीन क्रेडिटच्या तुकड्याला हा अर्थ जास्त शोभतो.

‘इलेक्टिव्ह’च्या पोटात ‘लेगेरे’ आहे, म्हणजे वेचणं. इलेक्शन, सिलेक्शन, कलेक्शन, इतकंच काय एलिगंटसुद्धा त्याच कुळातले. वेचण्यावरून पुढे अक्षरं वेचणं, म्हणजे वाचणं, आणि त्यातून लेक्चर. मराठीत हे काम ‘निवडणे’ एकटं करतं. निवडणूकही तीच आणि विषयनिवडही तीच. पण स्वयंपाकघरात तांदूळ निवडताना बोटांनी आपण उचलतो तो खडा, आणि उचलतो ते फेकायला. सूप रिकामं व्हायच्या आत हात आपोआप खड्याकडेच जातो. माझ्या पाहण्यात बरीच मुलं विषयही याच रीतीने निवडतात. निबंध असेल तो नको, सकाळी आठचा नको, प्रयोगशाळा असेल तो नको. मग सुपात जे उरलं ते आवडीचं!

हा वेचण्याचा हक्क मुळात श्रीमंतांच्या मुलांना मिळाला. चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ हार्वर्डचा अध्यक्ष होता. त्याने ठरावीक ग्रीक-लॅटिनचा साचा मोडून विद्यार्थ्याच्या पसंतीला जागा दिली. त्याच काळात, १९०१ मध्ये, इलिनॉयमधल्या जोलिएट गावात पहिलं टिकलेलं सरकारी ‘ज्युनियर कॉलेज’ उघडलं. (आपल्याकडचं अकरावी-बारावीचं नव्हे, पदवीची पहिली दोन वर्षं.) ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केलं राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाच्या १९४७ च्या अहवालाने. म्हणजे रोमन काळात ज्यांना कष्ट करावे लागत नव्हते त्यांच्यासाठी असलेली विद्या आता दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गात येणाऱ्यांच्या पदरात पडली. मला हे उलटणं फार आवडतं; भले ती पदरात पडताना वेळापत्रकाची चौकट घेऊन पडो. या चौकटीत ‘टी आर’ असं लिहिलेलं असतं. टी म्हणजे मंगळवार आणि आर म्हणजे गुरुवार, कारण थर्सडेचा टी मंगळवारने आधीच पटकावलेला. शिक्षकाच्या रकान्यात कधी नुसतंच ‘स्टाफ’ असतं. नवीन मुलांना वाटतं, हे स्टाफसर किती विषय शिकवतात!

‘ऐच्छिक’ हा शब्दही दिसतो तितका सरळ नाही. संस्कृत व्याकरणकार पाणिनीला एखादा नियम ऐच्छिक आहे असं सांगायचं असे तेव्हा तो तीन वेगळे शब्द वापरतो: वा, विभाषा आणि अन्यतरस्याम्. परंपरेतले टीकाकार तिन्ही एकच मानत. पॉल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडलं की तिन्हींत फरक आहे: ‘वा’ म्हणजे शक्यतो हे करा, ‘विभाषा’ म्हणजे चालेल पण शक्यतो नको, आणि ‘अन्यतरस्याम्’ म्हणजे दोन्ही सारखंच. कॉलेजातला सल्लागार हेच तीन सूर लावतो. “तत्त्वज्ञान घेऊ शकतोस,” हे वाक्य तो कोणत्या सुरात म्हणाला यावर सगळं असतं. मराठीत तर ‘विकल्प’ या शब्दातच किंतु भरलेला आहे. मनात विकल्प आला म्हणजे पर्याय सुचला नव्हे, संशय आला.

राहिलं क्रेडिट. त्याच्या मुळाशी ‘क्रेदेरे’, विश्वास ठेवणं. चार वर्षांच्या विद्यापीठात बदलून जाताना खरी परीक्षा त्या विश्वासाची असते: इथे शिकलेला ‘समाजशास्त्र १०१’ तिथले लोक मानणार का? मराठीत क्रेडिटला ‘श्रेयांक’ शब्द आला आणि तो माझ्या मते अपघाताने फार चांगला निघाला. कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की माणसापुढे श्रेय आणि प्रेय दोन्ही येतात, शहाणा त्यातलं श्रेय वरतो. नचिकेताला मिळालेले तीन ‘वर’ही ‘वृ’ धातूचे, म्हणजे निवडलेले. तिसऱ्या वराच्या वेळी यमाने त्याला हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य असे कितीतरी पर्याय दाखवून पाहिले, पण पोरगं आपल्या एकाच प्रश्नावर अडून बसलं. प्रेयांक मात्र अजून कोणत्याच विद्यापीठाने सुरू केलेले नाहीत. केले तर नावनोंदणीच्या खिडकीवर रांग मावायची नाही.