दुमजली घर: खाली गारवा, वर भट्टी, कमी खर्चात दोन्ही मजले थंड कसे ठेवायचे?

परतवाड्यात मे महिन्यात पारा सहज ४३-४४ अंशांवर जातो. दुमजली घरात खालच्या खोलीत पंख्यावर भागतं, वरच्या खोलीत मात्र मध्यरात्रीही भिंत गरम लागते. अनेक जण थेट एसीचा विचार करतात. पण खरी अडचण हवेची नाही, स्लॅबची आहे.

वरचा मजला इतका का तापतो?

काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतो. खालच्या मजल्याला वरच्या मजल्याची सावली मिळते. म्हणून पहिला खर्च गच्चीवर करावा.

गच्चीवर काय करायचं?

मार्चमध्ये गच्ची स्वच्छ करून चुन्याचे दोन-तीन हात द्या. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परत फेकतो. पावसात चुना निघतो, त्यामुळे दरवर्षी पुन्हा लावावा लागतो. तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छतांसाठी स्वतंत्र धोरणच आणलं. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून हिरवी जाळी लावा. आतल्या पडद्यापेक्षा ती जास्त उपयोगी ठरते.

कूलर कुठे ठेवायचा?

वरच्या मजल्यावर, खिडकीबाहेर. जिन्याचं दार आणि खालची एक खिडकी उघडी ठेवली, तर गार हवा जिन्याने खाली उतरते. हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर खोलीत फक्त दमटपणा वाढतो.

एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता हवेतून निघून जाते. वऱ्हाडातली कोरडी हवा त्यासाठी योग्य आहे. साधा कूलर तासाला ०.२ युनिटच्या आसपास वीज घेतो, दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेवर सुमारे दीड युनिट. मात्र पावसाळी दमट हवेत कूलर निरुपयोगी ठरतो.

रात्री काय?

बाहेरची हवा गार झाली की गच्चीचं दार आणि खालच्या खिडक्या उघडा. गरम हवा जिन्यातून वर निघून जाते. सकाळी ऊन चढण्याआधी सगळं बंद करा.

हे विसरू नका

लोखंडी कूलरला अर्थिंग हवंच. पाणी भरण्याआधी प्लग काढा. ओल्या हाताने कूलरला स्पर्श करणं जिवावर बेतू शकतं. डेंग्यूचे डास होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा आणि कोरडी करा.