एका उताऱ्याचे दोन अर्थ

१९५६ सालच्या शरद ऋतूत दोन घटना सतरा दिवसांच्या अंतराने घडल्या. १५ ऑक्टोबर ही तारीख घालून अमेरिकेत आय.बी.एम. ७०४ या गणकयंत्रासाठी फोरट्रान भाषेची पहिली मार्गदर्शिका निघाली. १ नोव्हेंबरला बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. या दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. तथापि फोरट्रानला पुढे जो प्रश्न छळीत राहिला, तो आपल्या सीमाभागातील शेतकऱ्यास चटकन उमगेल.

निपाणीच्या शेतकऱ्याच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते; पलीकडे कागलच्या सातबाऱ्यावर ते हेक्टर-आरमध्ये असते. एकराचे गुंठे ४०, हेक्टरचे आर १००. आता कोणी नुसतेच ‘२–२०’ असे लिहून पाठविले, तर अलीकडे त्याचा अर्थ अडीच एकर आणि पलीकडे जवळजवळ साडेपाच एकर! आकडे तेच, त्यांचा क्रम तोच; जमीन मात्र दुपटीहून अधिक.

१९५८ च्या दुसऱ्या फोरट्रानमध्ये उपकार्यक्रम स्वतंत्रपणे भाषांतरित करण्याची सोय झाली. तिने काम सुकर केले, पण बोलावणारा जे देतो तेच घेणारा समजतो की नाही, हे पाहणारा पंच मात्र कोणी नव्हता. कार्यक्रम बिनतक्रार चाले आणि उत्तर चुकीचे येई.

फोरट्रान ९० चे प्रमाण १९९१ साली प्रसिद्ध झाले. त्याने लेखकास स्वतःचे माहितीप्रकार घडविण्याची मुभा दिली, आणि इंटरफेस लिहून देवाणघेवाण तपासण्याचीही. परंतु एक खाच राहिली. इंटरफेसच्या चौकटीत लिहिलेल्या उपकार्यक्रमास बाहेर ठरविलेले प्रकार आपोआप दिसत नाहीत. म्हणून पुष्कळांनी तीच व्याख्या आत पुन्हा उतरवून काढली. भाषेच्या दृष्टीने मात्र दोन ठिकाणच्या व्याख्या म्हणजे दोन भिन्न प्रकार. नाव व घटक सारखे असले तरीही. भाषांतरक ‘प्रकार जुळत नाही’ म्हणून अडवी. मग ‘सीक्वेन्स’ हा शब्द घालून त्याचे तोंड बंद करण्यात येई. पण पुढे वेगळ्या फाइलीतील खरी व्याख्या बदलली आणि ही नक्कल तशीच राहिली, की जुनाच घोटाळा नव्या वेषात उभा राही.

खरा उपाय साधा आहे. व्याख्या एकदाच, एका मॉड्यूलमध्ये लिहावी. उपकार्यक्रमही शक्यतो मॉड्यूलमध्येच ठेवावेत. आणि स्वतंत्र इंटरफेस लिहावाच लागला, तर त्यात ‘यूज’ने ते मॉड्यूल घ्यावे, किंवा फोरट्रान २००३ पासून मिळालेला ‘इम्पोर्ट’ वापरावा. व्याख्या बदलल्यावर तिच्यावर अवलंबून असलेल्या सर्व फाइली पुन्हा भाषांतरित कराव्यात. एकर-गुंठे व हेक्टर-आर यांना दोन निराळी नावे द्यावीत, आणि रूपांतराचा उपकार्यक्रम मध्ये बसवावा. म्हणजे अडीच एकराचा, हिशेबाप्रमाणे, १ हेक्टर १ आर होऊनच तो पलीकडे जाईल.

यंत्र आकडे ओळखते, माप ओळखत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंस शेत असलेला माणूस नुसता आकडा वाचून कधीच थांबत नाही. तो आधी विचारतो, ‘कुठला उतारा?’ कार्यक्रम लिहिणाऱ्यानेही तोच प्रश्न भाषांतरकाच्या तोंडी घालावा. म्हणजे चूक शेवटच्या उत्तरात नव्हे, पहिल्याच पायरीवर सापडेल.