शुष्क नेत्रविकार

अश्रू अपुरे पडल्याने किंवा लवकर सुकल्याने डोळ्याच्या पृष्ठभागाला होणारा विकार.

कारणे : अश्रुपटलात मेद, जल व श्लेष्म असतात (पहा : अश्रुग्रंथी). पापणीच्या कडेच्या मेदग्रंथी तुंबल्या की जलांश झपाट्याने उडून जातो. वाढते वय, रजोनिवृत्ती, काही औषधे व मोबाइलकडे एकटक पाहणे ही अन्य कारणे. हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये वर्णिलेल्या रोगात प्रतिरक्षा यंत्रणाच अश्रुग्रंथींना इजा करते. भूम (धाराशिव जिल्हा) या अवर्षणप्रवण तालुक्यात कोरडी हवा, धूळ व खव्याच्या भट्टीचा धूर यांनी त्रास वाढतो.

लक्षणे : वाळूचा कण गेल्यासारखे खुपणे, जळजळ, लाली, डोळे मिचकावल्यावर निवळणारे अंधुक दिसणे. चुरचुरीने कधीकधी उलट पाणीही वाहते.

निदान : शिर्मर चाचणीत (१९०३) खालच्या पापणीत टिपकागदाची पट्टी अडकवतात. ५ मिनिटांत ती ५ मिमी.हून कमी भिजल्यास अश्रूंची तीव्र कमतरता मानतात.

उपचार : कृत्रिम अश्रू, पापण्यांना कोमट शेक व त्यांची स्वच्छता; गरजेनुसार सायक्लोस्पोरिनचे थेंब.

महत्त्व : तीव्र विकार दुर्लक्षिल्यास स्वच्छमंडलावर व्रण पडून दृष्टी अधू होऊ शकते. स्टेरॉइडचे थेंब स्वतःच्या मनाने दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदूचा धोका असतो (पहा : काचबिंदू).