कर्णनाद, निद्रानाश आणि औषधी गांजा : विज्ञान, कायदा आणि व्यवहार

भोपाळमधील रायसेन रस्त्यालगतची इंद्रपुरी ही मध्यमवर्गीयांची निवासी वसाहत. नोकरीच्या निमित्ताने मध्य प्रदेशात गेलेली आणि तेथेच स्थिरावलेली अनेक मराठी कुटुंबे भोपाळमध्ये आहेत. प्रस्तुत लेखकाचे मामा त्यांपैकीच एक. कारखान्याच्या यंत्रशाळेत तीस वर्षे काढून ते निवृत्त झाले. गेली चार वर्षे त्यांच्या दोन्ही कानांत अखंड शिट्टी वाजते. उन्हाळ्यात खिडकीतला कूलर सुरू असतो, तोवर ती जेमतेम जाणवते. दिवाळीनंतर कूलर बंद झाला, की रात्री त्या शिट्टीखेरीज दुसरे काही ऐकू येत नाही आणि झोप उडते. गेल्या हिवाळ्यात त्यांनी फोनवर विचारले, ‘‘तुमच्या गोव्यात ते गांजाचं तेल मिळतं म्हणे. कान आणि झोप, दोन्हींवर चालतं असं इथे एकाने सांगितलं. येताना एक बाटली आणशील का?’’

या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. गांजापासून केलेल्या औषधाने कानातील आवाज कमी होतो का? त्याने झोप सुधारते का? आणि अशी बाटली गोव्यातून भोपाळला नेणे कायद्याला धरून आहे का? तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. ती एकमेकांत मिसळली जातात, म्हणूनच गैरसमज वाढतात.

कर्णनाद म्हणजे काय?

बाहेर कोणताही ध्वनी नसताना कानात किंवा डोक्यात शिट्टी, गुणगुण, रातकिड्यांची किरकिर किंवा वाफेचा फुसकारा ऐकू येणे म्हणजे कर्णनाद. आयुर्वेदाला हे लक्षण जुन्या काळापासून परिचित आहे. सुश्रुताने सांगितलेल्या २८ कर्णरोगांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. २०२२ मध्ये ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना हा अनुभव येतो आणि सुमारे २ टक्के लोकांना त्याचा तीव्र त्रास होतो.

आंतरकर्णातील सूक्ष्म केशपेशी ध्वनीच्या कंपनांचे विद्युतसंदेशात रूपांतर करतात. वय, गोंगाट किंवा काही औषधे यांमुळे या पेशी नष्ट झाल्या, की मेंदूकडे जाणारा संदेश क्षीण होतो. ती उणीव भरून काढण्यासाठी मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो आणि त्या वाढीव संवेदनशीलतेतून हा आवाज उमटतो, असे आज मानले जाते. म्हणजे तक्रार कानाची वाटली, तरी आवाज मेंदूत घडतो. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी ऐकू व्यवस्थित येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांतील ९४ टक्के जणांना काही ना काही आवाज ऐकू आला. मामांचा कूलर बंद झाल्यावर नेमके हेच घडते. आवाज वाढत नाही, त्याला झाकणारे पांघरूण निघून जाते.

भारतातील कारखान्यांच्या नियमांनुसार आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबल ही ध्वनीची मर्यादा मानली जाते. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा हा ज्याची सूचना सरकारला द्यावी लागते असा व्यवसायजन्य आजार आहे. यंत्रशाळेतून निवृत्त झालेल्यांनी श्रवणचाचणी करून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

तीन बाटल्या, तीन पदार्थ

‘गांजाचे तेल’ या नावाखाली किमान तीन निरनिराळे पदार्थ ओळखले जातात.

पहिला, बियांचे तेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बिया, त्यांचे तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. त्यातील टीएचसी या मादक घटकाचे प्रमाण किलोमागे ५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी अट आहे. हे तेल पौष्टिक असेल. परंतु ज्या घटकांच्या आशेने लोक ते घेतात, ते त्यात जवळजवळ नसतातच.

दुसरा, ‘विजया’ या नावाने आयुष परवान्याखाली तयार होणारे पानांचे अर्क. विजया म्हणजे भांग. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांतील ई-१ या अनुसूचीत तिचा समावेश आहे; अशी औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावीत, ही सूचना वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. या अर्कांत टीएचसी असू शकते.

तिसरा, ओळखीच्या माणसाकडून मिळणारे, लेबल नसलेले राळेचे तेल. त्याविषयी पुढे.

गांजातील दोन घटक महत्त्वाचे. टीएचसीमुळे नशा येते. सीबीडीमुळे नशा येत नाही. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बालपणातील दोन गंभीर अपस्मारांसाठी शुद्ध सीबीडीचे औषध मंजूर केले. त्याची मात्रा शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम असते. साठ किलो वजनाच्या माणसाच्या हिशेबाने ती ६०० ते १२०० मिलिग्रॅम होते. तेलाच्या चार-पाच थेंबांकडून त्याच परिणामाची अपेक्षा ठेवता येत नाही.

कानाच्या बाबतीत : पुरावा नाही, धोक्याची सूचना आहे

कर्णनादावर गांजा गुणकारी असल्याचे दाखवणारी भरवशाची मानवी चाचणी उपलब्ध नाही. जे संशोधन झाले, ते उलट दिशेला बोट दाखवते. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मोठ्या आवाजाने कान दुखावलेल्या उंदरांना टीएचसी आणि सीबीडी समप्रमाणात दिले, तेव्हा कर्णनादाची लक्षणे वाढल्याचे त्यांना आढळले. उंदरांवरील निष्कर्ष माणसांना जसाच्या तसा लागू होत नाही, हे खरे. तथापि फायद्याचा पुरावा नसताना तोट्याची शंका असेल, तर सावध राहणेच शहाणपणाचे.

मग काही जणांना बरे वाटते, ते का? आवाज तेवढाच राहतो. पण धास्ती कमी झाली, की त्याकडे लक्ष कमी जाते. हा आराम खोटा नाही. मात्र तोच परिणाम इतर उपायांनी अधिक सुरक्षितपणे साधता येतो.

झोपेच्या बाबतीत : आरंभी उपयोग, पुढे हप्ते

येथे इतिहास मोठा रंजक आहे आणि तो गोव्यातलाच आहे. पणजीच्या ज्या महापालिका उद्यानाला गार्सिया द ओर्ता यांचे नाव आहे, त्या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय वनौषधींवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात भांगेवर एक स्वतंत्र संवाद आहे. दीर्घ जागरणांनी पिडलेले सेनानी पूर्वी निश्चिंत झोपेसाठी मद्यातून किंवा अफूसोबत भांग घेत, अशी ऐकीव माहिती ओर्ता यांनी नोंदवली आहे. झोपेसाठी या वनस्पतीकडे वळणे ही काही आजची टूम नव्हे.

टीएचसीमुळे सुरुवातीला डोळा लवकर लागतो, हे आधुनिक निरीक्षणांतही दिसते. परंतु नियमित सेवनाने शरीर सरावते आणि तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. स्वप्नांच्या झोपेचा भाग घटतो. औषध अचानक थांबवले, की निद्रानाश उलटून येतो आणि भयावह स्वप्ने पडतात. तो काळ अनेकांना इतका जड जातो, की ते पुन्हा बाटलीकडे वळतात आणि ‘याच्याशिवाय झोपच येत नाही’ असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात ती झोप उसनी घेतलेली असते.

साठी ओलांडलेल्यांसाठी धोके अधिक. टीएचसीने हृदयाचे ठोके वाढतात, उठून उभे राहताना रक्तदाब घसरतो आणि रात्री स्नानगृहाकडे जाताना तोल जाऊ शकतो. झोपेच्या गोळीबरोबर घेतल्यास गुंगी वाढते. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनचा परिणाम सीबीडीमुळे वाढू शकतो. घोरणे आणि झोपेत श्वास अडखळणे हा आजार असल्यास औषधी गांजा वापरू नये, अशी भूमिका अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१८ मध्ये घेतली.

कायदा : एकाच झाडाचे निरनिराळे भाग

अमली पदार्थविरोधी कायदा १९८५ चा आहे. त्यानुसार फुलोरा म्हणजे गांजा आणि वेगळी केलेली राळ म्हणजे चरस. फुलोऱ्याशिवायची पाने आणि बिया या व्याख्येबाहेर राहतात. म्हणूनच भांगेचा कारभार राज्यांच्या अबकारी नियमांनी चालतो आणि मध्य प्रदेशात भांगेची परवानाधारक दुकाने दिसतात.

राळेपासून केलेले दाट तेल मात्र याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चरसात मोडते. चरसाची अल्प मात्रा १०० ग्रॅमपर्यंत, तर गांजाची १००० ग्रॅमपर्यंत. अल्प मात्रा याचा अर्थ निर्दोष नव्हे. तिच्यासाठीही एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बाळगणे, वापरणे, वाहून नेणे आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे हे सर्व कलम २० मध्ये येते. वास्कोहून सुटणारी गोवा एक्सप्रेस कर्नाटक आणि महाराष्ट्र ओलांडून भोपाळला पोहोचते. म्हणजे मामांची ती बाटली तीन सीमा पार करणार होती.

गोव्यात हे तेल मोकळेपणी मिळते, हा समज निराधार आहे. येथे तोच केंद्रीय कायदा लागू आहे.

दोन राज्ये, दोन अपुरे प्रयत्न

औषधी उपयोगासाठी लागवडीची परवानगी देण्याचा अधिकार कायद्याच्या कलम १० ने राज्यांना दिला आहे. योगायोग असा, की मध्य प्रदेश आणि गोवा या दोन्ही राज्यांत तसा विचार झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये कमलनाथ सरकारचे विधिमंत्री पी. सी. शर्मा यांनी औषधी आणि औद्योगिक कारणांसाठी लागवडीला परवानगी देण्याचा मनोदय भोपाळमध्ये जाहीर केला. विरोधकांनी टीकेची झोड उठवली आणि मार्च २०२० मध्ये ते सरकारच गेले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर गोव्यात कायदा खात्याने अशाच एका प्रस्तावाची छाननी केल्याचे तत्कालीन कायदामंत्री निलेश काब्राल यांनी सांगितले. त्यावरून गदारोळ झाला. निर्णय झालेला नसल्याचे मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांना स्पष्ट करावे लागले. तत्पूर्वी २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने गांजाला सर्वांत कठोर निर्बंधांच्या यादीतून २७ विरुद्ध २५ मतांनी वगळले होते आणि भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले होते. या बातमीचा अर्थ अनेकांनी ‘गांजा मोकळा झाला’ असा घेतला. तो चुकीचा आहे. भारतातील कायदा त्याने बदललेला नाही.

मग करावे काय?

कर्णनाद पूर्णपणे घालवणारे औषध आज नाही. तो सुसह्य करणारे उपाय मात्र आहेत आणि ते परीक्षित आहेत.

पहिला, श्रवणचाचणी. ऐकू कमी येत असेल, तर श्रवणयंत्राने बाहेरचे ध्वनी मेंदूपर्यंत पोहोचतात आणि आतला आवाज मागे पडतो. दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्रे दिली जातात.

दुसरा, मंद पार्श्वध्वनी. पंखा, हळू आवाजातील रेडिओ किंवा मोबाइलवरचा पावसाचा आवाज रात्रभर ठेवावा. तो कर्णनादापेक्षा किंचित कमीच असावा.

तिसरा, बोधात्मक वर्तनोपचार. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये त्रासदायक कर्णनादासाठी त्याची शिफारस केली. दीर्घकालीन निद्रानाशासाठी हाच पहिला उपचार असावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितले. त्यातील नियम साधे आहेत : रोज एकाच वेळी उठणे, अंथरूण केवळ झोपेसाठी वापरणे, वीसेक मिनिटांत झोप न आल्यास उठून दुसऱ्या खोलीत बसणे, घड्याळ न पाहणे आणि दुपारची झोप टाळणे. पहिले दोन आठवडे कठीण जातात.

आपल्याकडे सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टीनच्या गोळ्या केवळ कर्णनादासाठी देऊ नयेत, असे ब्रिटनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. गिंको आणि जस्ताच्या गोळ्यांचीही शिफारस केली जात नाही.

पुढील लक्षणे असल्यास मात्र विलंब न करता तज्ज्ञांना दाखवावे : आवाज एकाच कानात असणे, तो नाडीच्या ठोक्यांबरोबर धडधडणे, अचानक ऐकू येईनासे होणे, गरगरणे किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे. अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या काही दिवसांत उपचार मिळाले, तरच अधिक उपयोग होतो. जास्त मात्रेतील ॲस्पिरिन, क्विनीन, जेंटामायसिन आणि काही कर्करोगाची औषधेही कर्णनाद निर्माण करतात. चालू औषधांची यादी सोबत न्यावी. आवाजामुळे जगणे नकोसे वाटू लागले, तर ‘टेलिमानस’ ही शासकीय सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध असते.

मामांना बाटली नेली नाही. ते भोपाळच्याच एका सरकारी रुग्णालयात जाऊन श्रवणचाचणी करून आले. उंच पट्टीचे ध्वनी त्यांना दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हते आणि हे त्यांना कोणी तोवर सांगितलेच नव्हते. आता ते दिवसा श्रवणयंत्र लावतात आणि रात्री उशाशी रेडिओ ठेवतात. शिट्टी थांबलेली नाही. मध्यंतरी फोनवर म्हणाले, ‘‘आहे ती आहेच. पण परवा सकाळी उठल्यावर आठवलं, की रात्री तिच्याकडे लक्षच गेलं नव्हतं.’’