घोंगडीचा माग

आईकडून आलेली जुनी काळी घोंगडी गेल्या श्रावणात मी धुवायला काढली आणि पस्तावले. भिजल्यावर ती एकटीने उचलवेना. कोथरूडच्या आमच्या सज्जाच्या कठड्यावर टाकली, तर चार दिवस नुसती ठिबकत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी घरभर मेंढवाड्याचा वास सुटला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी वर बघून एवढेच विचारले, "काय, घोंगडं भिजत ठेवलंय वाटतं?" अडलेली बढती, रखडलेल्या वाटाघाटी, वर्षानुवर्षे न लागणारा निकाल, या सगळ्यांची बोळवण आपण ज्या एका वाक्प्रचारात करतो, तो किती नेमका आहे हे मला पन्नाशीत कळले. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एकतृतीयांश ओल हाताला न जाणवू देता पिऊन टाकते. त्याहून जास्त भिजली की मग ती ओल सोडायचे नावच घेत नाही. ज्या भाषेने दिरंगाईची उपमा लोकरीकडून घेतली, तिच्या माणसांची लोकरीशी ओळख किती जुनी, हे पाहायला आपण थोडे मागे जाऊ.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले, ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यामागची नावे. इ. स. पू. १६००च्या सुमारास वसलेल्या या वस्तीतले लोक जव पिकवत, चौकोनी प्रशस्त घरे बांधत, नदीचे पाणी शेताकडे वळवत. इ. स. पू. १०००च्या आसपास चित्र पालटते. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात, शेती आटते, शेळ्यामेंढ्यांवरचा भर वाढतो. पाऊस हटल्यामुळे हे लोक अर्धे भटके झाले असावेत, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. घोंगडी इथून अजून फार लांब आहे. पण पाऊस रुसला की नांगर ठेवायचा आणि मेंढरांमागे निघायचे, हा तिच्यामागचा हिशेब आपल्याला इनामगावातच भेटतो.

तोच हिशेब पुढे पुरंदर, बारामती, इंदापूर, फलटण, माण या पर्जन्यछायेतल्या मुलखाने धरून ठेवला. दख्खनी मेंढी काटक, चालायला खंबीर, पण भिजपावसात टिकत नाही. म्हणून पावसाळा पठारावर काढायचा आणि दिवाळी झाली की धनगरांचे वाडे मावळाकडे, घाट उतरून कोकणाकडे निघायचे. वाटेत शेतकऱ्याच्या रानात रात्री वाघर लावून मेंढरे बसवायची. लेंडीखताच्या बदल्यात धान्य मिळायचे. या व्यवहारात लोकर तशी दुय्यमच होती, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण पुढची सगळी उलथापालथ त्यातून निघते. शेतकरी आणि मेंढपाळ यांचे हे नाते जेजुरीत थेट देवाच्या संसारात जाऊन बसले आहे. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. आणि बाणाईसाठी खंडोबा मेंढरे राखायला राहिला. गुंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकाने धनगरांच्या ओव्या ऐकत बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांचा माग काढला. त्याचा ग्रंथ १९७६ साली निघाला. नीरेच्या काठच्या होळ गावात १६९३ साली जन्मलेला मल्हारी नावाचा मुलगाही मेंढरांमागेच वाढला. पुढे माळव्याचा सुभेदार झालेले मल्हारराव होळकर ते हेच.

आता जरा मागापाशी बसू. वर्षातून दोनदा कातरणी केली, तरी एका मेंढीची लोकर किलोभरही भरत नाही; म्हणजे एका घोंगडीमागे चांगली अर्धी खांड उभी असते. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, ती सगळ्यांत मऊ, आणि जावळाच्या घोंगडीचा तोरा वेगळाच. कातरलेली लोकर निवडायची, पिंजायची, मग बायकांनी चरख्यावर सूत काढायचे. विणकर दोन, सणगर आणि खुटेकर धनगर. खुंट ठोकून ताणा लावतात म्हणून खुटेकर, असे सांगतात. हा ताणा गल्लीभर पसरलेला असतो. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून केलेली खळ कुंच्याने त्याला पाजतात, तेव्हा आखूड, भुरभुरे तंतू एकमेकांना धरून राहतात. नवी घोंगडी अंगाला टोचते आणि पुठ्ठ्यासारखी ताठ उभी राहते ती या खळीमुळे. वापराने ती नरमते. पावसात हिचीच खोळ करून डोक्यावरून घ्यायची, पाहुणा आला की हीच अंथरायची, आणि खंडोबाच्या जागरणात चौक भरायचा तोही हिच्यावरच.

इंग्रज आले ते मोजमाप घेऊन. कर्नल साइक्स याने १८३१च्या सुमारास दख्खनच्या प्राण्यांची जी यादी छापली, तिच्यात या मेंढीचे आखूड पाय, कमानदार नाक आणि जवळजवळ नेहमी काळी असणारी आखूड, कुरळी लोकर नोंदलेली आहे. १८८५च्या पुणे गॅझेटियरात शहराच्या कारागिरीत बुरणूसही येतो. बुरणूस म्हणजे न विणता, दाबून केलेले लोकरीचे जाड वस्त्र. पण माझ्या मते घोंगडीच्या चरित्रातला मोठा प्रसंग त्यानंतर तीन वर्षांनी, पुण्यातच घडला. १८८८ साली ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ समारंभ होता. जोतीराव फुले तिथे शेतकऱ्याच्या वेषात, खांद्यावर घोंगडी टाकून आले, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले आहे. जरीच्या पागोट्यांमध्ये ती घोंगडी म्हणजे एक आख्खे निवेदन होते. गरिबाचे पांघरूण त्या दिवशी वाद घालायला उभे राहिले. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांच्या खांद्यावरही आपण पुढे तीच पाहतो.

खांद्यावर मान मिळत होता, बाजारात मात्र पाय निसटत होता. ठाण्याला १९२५ साली वाडियांची लोकरीची गिरणी निघाली. १९४४ साली ती सिंघानियांकडे गेली आणि रेमंड हे नाव घरोघर झाले. गिरणीला हवी होती मेरिनोची लांब, मऊ लोकर. आपली राठ काळी लोकर तिथे कोण विचारणार? मग मेंढीच बदलू, असे सरकारने ठरवले. दख्खनी मेंढीचा विलायती जातींशी संकर करून पाहिला. गोखलेनगरचा मेंढी फार्म ही त्या खटाटोपाची पुण्यातली खूण. १९७८ साली स्थापन झालेल्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे मुख्यालय आजही तिथेच आहे, आणि रिक्षावाल्याला 'मेंढी फार्म' एवढे म्हटले तरी पुरते. फलटणला निंबकरांच्या संस्थेने याच्या उलट वाट धरली. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीचे जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. हेच जनुक अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमधून जहाजाने ऑस्ट्रेलियात जाऊन तिथल्या मेरिनोत शिरले होते, हे कळल्यावर मला फार मौज वाटली. पण जुळी कोकरे हवीत ती मटणासाठी. धनगरांनीही ते ओळखले आणि जतकडची उंच, कमी लोकरीची माडग्याळ खांडात घेतली. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीला भारी पडू लागली, तशी कातरलेली लोकर बांधावरच टाकून दिली जाऊ लागली. राहिलेली कसर जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून ब्लँकेटे करणाऱ्या स्वस्त गिरण्यांनी भरून काढली. त्या गिरण्या कुठल्या, तर पानिपतच्या! १७६१ नंतर त्या गावाने आपल्याला पुन्हा एकदा गाठले, म्हणायचे.

आज घोंगडीला गिऱ्हाईक आहे ते पुण्यासारख्या शहरात. योगासनाला, पाठदुखीला, दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगायला लोक ती हौसेने घेतात, आणि त्यावर थोडे माग अजून चालतात. दिवाळीनंतर चांदणी चौकापलीकडे एक वाडा उतरला होता, तिथे मी माझी घोंगडी घेऊन गेले. काठ उसवला होता. घोड्याच्या पाठीवरून उतरवलेल्या बिऱ्हाडात दोन पोरे वाघाचे चित्र असलेल्या गुलाबी ब्लँकेटमध्ये झोपली होती. त्यांच्या आजीने माझ्या हातून घोंगडी घेतली, कोपरा उलटा केला, गालाला लावून पाहिली.

"जावळाची न्हाई, ताई. पर सूत हातचं हाय," ती म्हणाली, आणि सुई शोधायला पालात गेली.